पदवीनंतरची परीक्षा



भारतातून वैद्यकीय पदवी घेऊन जर्मनीत येणाऱ्या डॉक्टरला परवान्यापूर्वी वैद्यकीय भाषेची परीक्षा द्यावी लागते. ती साधारण तासाभराची असते. वीस मिनिटे रुग्णाशी संवाद, वीस मिनिटे त्याचा लेखी अहवाल आणि वीस मिनिटे सहकारी डॉक्टरांपुढे निवेदन. वैद्यकशास्त्राचे ज्ञान तेथे तपासले जात नाही. ऐकणे, लिहिणे आणि सांगणे एवढेच पाहिले जाते. आपली हुशार मुले नेमकी येथेच अडखळतात, कारण पाठांतराने गुण मिळविण्याची सवय अंगी मुरलेली असते. इंजिनियर मुलांचीही तीच तऱ्हा. ‘तुम्ही स्वतः काय केले?’ असे मालक विचारतो आणि उमेदवार गुणपत्रिका पुढे करतो.

या देशात शाळा संपविलेला मुलगा कारखान्याशी करार करून, वेतन घेत, दोन ते साडेतीन वर्षे काम शिकतो आणि त्याच काळात व्यवसायशाळेतही जातो. १९६९ च्या कायद्याने या पद्धतीला देशभर एक चौकट दिली. म्हणजे मालक येथे केवळ अपेक्षा ठेवीत नाही, शिकविण्याचा भारही उचलतो. ‘पदवीधर कामाचे नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्या आपल्याकडील उद्योजकांनी हेही पाहावे.

कारखान्यातील कामाचे नाव काढताच आपली वडीलधारी मंडळी नाराज होतात. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांच्यावर हातकाम जन्माने लादले गेले, त्यांना मुलाच्या हाती पुस्तकच हवे असणार. परंतु १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदविणाऱ्या बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या तर मागितल्याच. शिवाय सरकारी छापखान्यांत व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, अशीही मागणी केली. त्यांच्या लेखी पुस्तक आणि यंत्र यांत वैर नव्हते.

२०२४ साली महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला. इकडे येऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की शेत गहाण टाकण्यापूर्वी आपल्या पदवीला येथे मान्यता आहे का ते पाहा, आणि जर्मन भाषा तिकडेच शिकू लागा.

आपल्या मंडळातील प्रत्येक जुन्या सभासदाने एका नवागत विद्यार्थ्याला आठवड्यातून तासभर जर्मनमध्ये बोलते करावे. रुग्णाची भूमिका करण्यास मी रविवारी दुपारी मोकळा असतो.