ऐकणाऱ्यांचे काम



करावे गावात बोलायचे, तर आरंभ मासळीने केलेला बरा. माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा होईतो धड एक शब्द बोलला नव्हता. पण खाडीवरून टोपली घरात आली, की दोन बोटे चिमट्यासारखी उघडमीट करून दाखवी. म्हणजे चिंबोरी! आम्ही हसत असू, आणि आई दटावी, "हात खाली कर, तोंडाने सांग."

त्याला डाउन सिंड्रोम आहे. १८६६ साली जॉन लँगडन डाउन या इंग्रज वैद्याने याचे वर्णन केले, आणि १९५९ मध्ये लेजून व त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी कारण दाखवून दिले : शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रे. यात ग्रहणाचा संबंध नाही, आईचा दोष तर मुळीच नाही.

या मुलांना जेवढे समजते तेवढे बोलता येत नाही. जीभ-ओठांचे स्नायू सैल असतात. शिवाय कानाच्या पडद्यामागे पाणी साठून पुष्कळांना कमी ऐकू येते. आमच्या भावाचेही तेच झाले होते. आम्ही मात्र त्याला वर्षानुवर्षे हट्टी म्हणत आलो. कान तपासला तेव्हा तो सात वर्षांचा होता. ती वर्षे कोण परत देणार? म्हणून हात जोडून सांगतो, आधी कान तपासून घ्या, आणि पुढेही वरचेवर तपासा. वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र आहे, तेथे चौकशी करा.

खुणा केल्याने मूल बोलायचे राहते, ही समजूत चुकीची आहे. खूण शब्दाला वाट करून देते. शब्द आला की बहुधा आपोआप गळते. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेले या मुलांच्या ध्यानात अधिक राहते, म्हणून चित्रे आणि ठळक अक्षरांतले शब्द लवकर हाती द्यावेत. आपण वाक्य लहान बोलावे आणि मग थांबावे. मनात दहा अंक मोजावेत. हे थांबणेच सर्वांत अवघड. आम्हा घरच्यांना तर फारच!

परवा बाजारात मासळीवालीने त्याच्यादेखत मलाच विचारले, "याला काय पाहिजे?" मी गप्प राहिलो. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती. तो म्हणाला, "कोलंबी. दोन वाटे." आणि भाव ऐकून त्याने नकारार्थी मान हलवली.