२३ एप्रिल : एक तारीख, दोन राष्ट्रें

इंग्लंडच्या पंचांगांत २३ एप्रिल हा संत जॉर्जचा दिवस. हा संत इंग्लंडचा रक्षक मानला जातो; परंतु त्यानें इंग्लंडची भूमि कधीं पाहिली असावी, असा कसलाच पुरावा नाहीं. रोमन अमदानींत पॅलेस्टाइनमधील लिड्डा या गांवीं त्याचें बलिदान झालें, असें परंपरा सांगते. चौदाव्या शतकांत तिसऱ्या एडवर्ड राजानें 'गार्टर' नांवाचें सरदारमंडळ स्थापून तें या संताच्या छत्राखालीं ठेवलें, आणि पूर्वेकडचा हा परका वीर हळूहळू अस्सल इंग्रज होऊन बसला. दैवत निवडतांना राष्ट्रें जन्मदाखला मागत नाहींत, हेंच खरें.

जन्मदाखल्याची अडचण शेक्सपिअरच्या बाबतींतहि आहेच. स्ट्रॅटफर्ड येथील चर्चच्या नोंदवहींत २६ एप्रिल १५६४ रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे, जन्माची नाहीं. तो वारला मात्र २३ एप्रिल १६१६ रोजीं. मूल जन्मल्यावर दोन-चार दिवसांत बाप्तिस्मा उरकण्याची त्या काळची रीत. तेव्हां तीन दिवस मागें सरकून जन्म, मृत्यु आणि संताचा उत्सव एकाच तारखेला बसवून टाकण्यांत भक्तांना समाधान वाटलें. चित्रकार टर्नर तर १७७५ च्या २३ एप्रिलला आपण जन्मलों असें स्वतःच सांगत असे. कागदोपत्रीं आढळतो तो १४ मेचा बाप्तिस्मा. वर्ड्स्वर्थ कवि १८५० सालीं याच तारखेला वारला, त्याबद्दल वाद नाहीं. १९१५ सालीं रूपर्ट ब्रूक हा अवघ्या २७ वर्षांचा कवि गॅलिपोलीच्या मोहिमेवर जातांना स्कायरॉस बेटाजवळ एका फ्रेंच रुग्णनौकेवर याच दिवशीं मरण पावला. शत्रूची गोळी त्याला लागली नव्हती. रक्तांत विष भिनून तो गेला. पण तारीख संत जॉर्जची आणि शेक्सपिअरची पडली, आणि इंग्लंडला तो हुतात्माच वाटला.

याहून मौजेची गोष्ट कालगणनेची. स्पेनचा थोर कादंबरीकार सर्व्हान्टिस याचें दफनहि २३ एप्रिल १६१६ चेंच. त्यावरून हे दोघे एकाच दिवशीं गेले असें सांगण्याची प्रथा पडली, आणि १९९५ सालीं युनेस्कोनें हाच दिवस जागतिक ग्रंथदिन ठरविला. परंतु स्पेननें पोप ग्रेगरीची नवी गणना १५८२ सालींच स्वीकारली होती. प्रॉटेस्टंट इंग्लंड पोपच्या हातचें पंचांग घ्यावयास तयार नव्हतें. तें त्यानें घेतलें १७५२ सालीं, तेव्हां २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशीं एकदम १४ सप्टेंबर उजाडला. म्हणजे शेक्सपिअर वारला त्या दिवशीं स्पेनमध्यें ३ मे होती. शिवजयंतीच्या तिथि-तारखेचा वाद ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना ही ओढाताण नवी वाटणार नाहीं. ३ मे ही तारीख मात्र श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. तिची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे.

आयरिश समुद्र ओलांडला कीं याच तारखेचा रंग पालटतो. १०१४ सालीं २३ एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्या दिवशीं डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथें वृद्ध राजा ब्रायन बोरू याच्या सैन्यानें डब्लिनचे नॉर्स लोक व लेन्स्टरचे आयरिश यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. विजय मिळाला, पण ब्रायन स्वतः मारला गेला. परकीयांना देशाबाहेर हांकलणारा वीर म्हणून आयरिश मुलें त्याची कथा पिढ्यान् पिढ्या ऐकत आलीं. इतिहास इतका सरळ नाहीं. डब्लिनचा नॉर्स राजा सिट्रिक हा ब्रायनचा जांवई होता. आयरिश दोन्ही बाजूंनीं लढले. आणि युद्धानंतरहि सिट्रिक वीस वर्षांहून अधिक काळ डब्लिनच्या गादीवर राहिला. तथापि लोकस्मृति वंशावळी चाळीत बसत नाहीं. १८४३ सालीं डॅनिअल ओकॉनेलनें आपली प्रचंड सभा क्लॉन्टार्फलाच बोलाविली, आणि सरकारनें तिच्यावर बंदी घातली, ती कांहीं उगाच नव्हे.

१९१६ सालीं २३ एप्रिलला ईस्टरचा रविवार आला. आयर्लंडमधील क्रांतिकारकांनीं उठावासाठीं हाच दिवस नेमला होता. क्लॉन्टार्फसाठीं नव्हे, ईस्टरच्या निमित्तानें होणाऱ्या स्वयंसेवकांच्या कवायतीचा आडपडदा मिळावा म्हणून. परंतु शुक्रवारीं सर रॉजर केसमेंट पकडला गेला, आणि २०,००० बंदुका घेऊन आलेलें जर्मन जहाज शनिवारीं त्याच्या कप्तानानेंच बुडविलें. स्वयंसेवकांचे प्रमुख ओइन मॅक्नील यांना उठावाचा बेत आधीं कळविलाच नव्हता. त्यांनीं कवायत रद्द केल्याचा हुकूम रविवारच्या वृत्तपत्रांत छापविला. उठाव एक दिवस लांबला, आणि येणाऱ्यांची संख्या पुष्कळच घटली. सोमवारीं पॅट्रिक पिअर्सनें डब्लिनच्या मुख्य टपालकचेरीसमोर प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला. शनिवारीं, २९ तारखेला, त्यानें शरणागति पत्करली. मधल्या सहा दिवसांत साडेचारशेंहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक साधे नागरिक होते.

त्याच रविवारीं शेक्सपिअरच्या मृत्यूला ३०० वर्षें पूर्ण झालीं होतीं. ईस्टरशीं गर्दी नको म्हणून इंग्लंडनें तो उत्सव पुढें ढकलून मेच्या पहिल्या आठवड्यांत नेला. प्राध्यापक गोलान्झ यांनीं देशोदेशींच्या लेखकांकडून आदरांजलि मागवून एक ग्रंथ सिद्ध केला. त्यांत रवींद्रनाथांची बंगाली कविता आहे, आणि डग्लस हाइड यांची आयरिश भाषेंतील कविताहि. हे हाइड १९३८ सालीं आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. मंगळवारीं, २ मे रोजीं, लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहांत 'ज्यूलिअस सीझर'चा प्रयोग झाला, आणि सीझरचें काम करणाऱ्या फ्रँक बेन्सन यांना पंचम जॉर्ज बादशहांनीं तेथेंच नाटकाच्या सामानांतील तलवारीनें 'सर' केलें. दुसरा दिवस, ३ मे, शाळांतील शेक्सपिअर-दिन म्हणून ठरला होता. जुन्या गणनेची २३ एप्रिल ती हीच.

त्या दिवशीं पहांटे डब्लिनच्या किल्मेनहॅम तुरुंगांत पहिल्या तिघांना गोळ्या घालण्यांत आल्या. टॉमस क्लार्क हा तंबाखूचा दुकानदार. दुसरा पिअर्स, १९०८ सालीं संत एन्डाच्या नांवानें आयरिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांची शाळा काढणारा शिक्षक. तिसरा टॉमस मॅक्डोना, पूर्वीं त्याच शाळेंत पिअर्सचा सहकारी आणि नंतर डब्लिनच्या कॉलेजांत इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक. शेक्सपिअरचा समकालीन कवि कॅम्पिअन याच्या काव्यकलेवर मॅक्डोनानें लिहिलेला अभ्यासपूर्ण ग्रंथ १९१३ सालीं प्रसिद्ध झाला होता. सैनिकी न्यायालयानें त्याला दोषी ठरवितांना हा ग्रंथ पाहण्याचें कारणच नव्हतें. तिघांचीं प्रेतें आर्बर हिल येथें चुनकळीच्या खड्ड्यांत पुरलीं गेलीं, आणि त्यानंतर थोड्याच तासांनीं इंग्लंडमधील शाळांची घंटा होऊन मुलें शेक्सपिअर म्हणावयास वर्गांत उभीं राहिलीं.