रॉकेट क्लबाचा रविवार

कापणी उरकलेले शेत, बांधाच्या कडेला ओळीने लावलेल्या गाड्या, घडीच्या खुर्च्या. टेबलावर गोंद, कात्री, चिकटपट्टी आणि टाल्कम पावडरचा डबा. अमेरिकेतल्या मॉडेल रॉकेट क्लबाचा उड्डाणाचा दिवस लांबून पाहिला तर सहल वाटावी. टाल्कम पावडर मात्र घामासाठी नसते. थंडीत प्लॅस्टिकच्या पॅराशूटच्या घड्या एकमेकींना चिकटून बसतात आणि ऐन वेळी छत्री उघडत नाही. म्हणून जाणती मुले घडी घालण्याआधी तिला चिमूटभर पावडर चोळतात.

रॉकेट छातीशी धरून मंडळी रांगेत उभी राहतात. रांगेच्या टोकाला रेंज सेफ्टी ऑफिसर. तो प्रत्येक रॉकेट उलटेसुलटे करून बघतो, शेपटाचे पंख बोटाने हलवून पाहतो, टोकाची टोपी फार घट्ट तर बसली नाही ना, हे तपासतो. पॅराशूटखाली आग न धरणाऱ्या कागदाचे बोळे घातलेत का, हेही विचारतो. इथे वशिला चालत नाही. पंख डुगडुगला की रॉकेट परत टेबलावर.

पास झालेले रॉकेट सुमारे मीटरभर उंचीच्या पोलादी सळईवर चढते. इंजिनाच्या तोंडात विजेने पेटणारी बारीक तार, तिला दोन चिमटे, आणि चिमट्यांपासून निघालेली वायर थेट कंट्रोलरपर्यंत. लहान रॉकेट असेल तर निदान पंधरा फूट लांब उभे राहायचे. सुरक्षेची किल्ली घातल्याशिवाय बटण काम करत नाही. उडवण्याआधी उलटी मोजणी करायची. बटण दाबूनही काही झाले नाही, तर किल्ली काढायची आणि पूर्ण एक मिनिट कोणीही जवळ जायचे नाही. वारा ताशी वीस मैलांवर गेला की उड्डाण बंद. विजेच्या तारांत अडकलेले रॉकेट कितीही लाडके असो, ते गेले असे समजायचे. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेतले हे नियम वाचताना कंटाळवाणे वाटतात. ते जमले कसे, हे पाहिले की कंटाळा उरत नाही.

4 ऑक्टोबर 1957 रोजी स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतल्या पोरांना रॉकेटचे वेड लागले. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या कोळसाखाणीच्या गावात होमर हिकम आणि त्याचे मित्र जस्त आणि गंधकाची भुकटी लोखंडी नळीत ठासत होते. हिकम पुढे नासात इंजिनिअर झाला आणि त्याच्या आठवणींवर 1999 मध्ये ‘ऑक्टोबर स्काय’ हा चित्रपट निघाला. पण सगळ्यांचे नशीब हिकमसारखे नव्हते. घरच्या घरी मिश्रण कुटताना काही मुलांची बोटे गेली, काही जिवानिशी गेली.

यावरचा उपाय आला तो एका बुटांच्या दुकानदाराकडून. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे ऑर्व्हिल कार्लाइल आतषबाजीचे शौकीन, तर त्यांचे भाऊ रॉबर्ट मॉडेल विमानांचे. रॉबर्ट यांना रॉकेटच्या तत्त्वांवरच्या व्याख्यानात दाखवायला काहीतरी हवे होते. त्यासाठी 1954 मध्ये ऑर्व्हिल यांनी कागदाच्या नळीचे, पॅराशूटने अलगद उतरणारे रॉकेट तयार केले. 

व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी 1957 च्या सुरुवातीला एका मासिकात पोरांच्या रॉकेट-प्रयोगांतल्या धोक्यांवर लेख लिहिला. कार्लाइल यांनी तो वाचून त्यांना पत्र धाडले, मागोमाग नमुने पाठवले. स्टाइन यांनी मॉडेल रॉकेटांची कंपनी काढली, त्याच वर्षी वर उल्लेखलेली संघटनाही उभी केली. अडले ते इंजिनांशी. ती पुरवण्यासाठी डेन्व्हरचे व्हर्न एस्टिस पुढे आले. त्यांच्या घरचा धंदाच शोभेच्या दारूचा. त्यांनी 1959 मध्ये एक यंत्र बांधले, नाव ठेवले ‘मेबल’. मेबल साडेपाच सेकंदाला एक इंजिन ठासून बाहेर टाकायची.

या तिघांनी मिळून जी वाटणी केली ती फार शहाणपणाची होती. बारूद कारखान्याने सांभाळायची, बाकी सगळे मुलाने. नळी, पंख, टोपी, छत्री, रंग, वजन, नेम, हिशेब, सगळे त्याचे. या छंदाचे सारे यश या एका रेघेत आहे.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या एका इंजिनावर ‘सी-6-5’ असे छापलेले असते. हाताच्या अंगठ्याएवढी जाड कागदी नळी, तळाला चिकणमातीचे नोझल, वर दाबलेली काळी बारूद. जात दिवाळीतल्या बाणाचीच. पण बाण कुठे जाईल ते बाणालाच ठाऊक. इथे प्रत्येक अक्षराचा हिशेब असतो. सी म्हणजे एकूण आवेग दहा न्यूटन-सेकंदांपर्यंत. बी त्याच्या निम्मा, डी दुप्पट. सहा हा सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. शेवटचा पाच म्हणजे बारूद संपल्यावर पाच सेकंद थांबून उलट्या दिशेने उडणारा छोटा बार. तो टोपी ढकलतो आणि पॅराशूट बाहेर पडते. जळण्याचे काम दोनेक सेकंदांत आटोपते. पुढचे पाच सेकंद रॉकेट नुसते मिळालेल्या वेगावर चढत असते.

ते सरळ चढावे म्हणून दोन बिंदू सांभाळावे लागतात. गुरुत्वमध्य पुढे हवा, हवेच्या दाबाचा मध्य मागे. पूर्वी मुले रॉकेटला दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवून खात्री करत, अजूनही करतात. 1966 मध्ये नासातले इंजिनिअर जेम्स बॅरोमन यांनी छांदिष्टांच्या राष्ट्रीय मेळाव्यात दाबमध्य कागदावर काढायची रीत मांडली. शाळकरी पोराला जमेल असे ते गणित होते.

छंद कुठून कुठे जातो पाहा. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कमध्ये 1969 साली एड रॉबर्ट्स आणि फॉरेस्ट मिम्स यांनी मित्रांच्या साथीने मिट्स ही कंपनी काढली, ती मॉडेल रॉकेटांत बसवायची इलेक्ट्रॉनिक उपकरणे विकायला. खप बेताचाच. मग कंपनी कॅल्क्युलेटरकडे वळली आणि 1975 मध्ये तिने अल्टेअर 8800 हा संगणक आणला. त्याच्यासाठी बेसिक भाषा लिहून देणारे दोन तरुण होते बिल गेट्स आणि पॉल ॲलन!

2003 पासून शाळकरी संघांची राष्ट्रीय स्पर्धा होते. रॉकेटात कच्चे अंडे घालून ते नेमलेल्या उंचीवर न्यायचे, नेमलेल्या वेळेत उतरवायचे, तेही न फुटता. उंची आणि वेळ दरवर्षी बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या संघाची वही जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. निवडक शंभर संघ अंतिम फेरीसाठी व्हर्जिनियात जमतात.

आपल्याकडे बारूद बनवायची तर 1884 च्या स्फोटक कायद्याखाली परवाना लागतो. ते पाहणाऱ्या केंद्रीय खात्याचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरातच आहे. कायद्याच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. बारूद कुटण्याच्या नादापासून पोरांना सोडवणे हाच तर अमेरिकेतल्या क्लबांचाही उद्देश होता. उणीव आहे ती अक्षर छापलेल्या, भरवशाच्या, कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या इंजिनाची. ते बनवणे शिवकाशीला अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. तोवर मे महिन्याच्या सुट्टीत शीतपेयाची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप आणि पुठ्ठ्याचे पंख एवढ्यावर मोकळ्या मैदानात पाण्याचे रॉकेट उडवता येते. लांब दोरी ओढून सोडायचे, बाटलीवर वाकायचे नाही. दोन मध्यांचे गणित तिथेही तेच.

आणि मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहायला जाणाऱ्यांनी नातवंडांना घेऊन जवळच्या क्लबाच्या उड्डाणाला जरूर जावे. तारीख आधी विचारून घ्यावी. शेतात पीक उभे असले किंवा वारा सुटला की बेत बदलतो. तिथे कधी कधी एखाद्या रॉकेटची छत्री उघडत नाही आणि ते नाकावर खाली येते. त्या वेळी ध्वनिवर्धकावरून ‘हेड्स अप’ अशी हाक येते. ती ऐकताच हातातला मोबाइल, डबा, जे असेल ते राहू द्या. आधी उभे राहा आणि वर बघा.