होडीघाटावरचे काम



समाजसेवेचा विषय निघाला की आपल्या मनश्चक्षूंपुढे बहुधा हाती खराटा घेतलेली आणि छायाचित्रकाराकडे तोंड करून उभी राहिलेली मंडळी येतात. सफाईला माझा विरोध नाही, संत गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात तो कोणाचा असणार? परंतु आपल्या गावाची खरी नड कोणती हे न पाहता केलेली सेवा पुष्कळदा सेवकाच्याच समाधानापुरती उरते, असे माझे प्रामाणिक मत आहे. आणि म्हणून आज मी सर्वसाधारण उपदेश न करता उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या, विशेषतः करमाळा तालुक्यातील, मुलामुलींशी एका विवक्षित कामासंबंधी बोलणार आहे.

1980 साली भीमेवरचे हे धरण पुरे झाले आणि यशवंतसागर या नावाने जो अफाट जलाशय पसरला, त्यात सुमारे 117 टीएमसी पाणी मावते. त्यापायी गावेच्या गावे उठली; तुमच्या आजोबांच्या पिढीतील खातेदारांनी नोटिसा घेतल्या, मोबदल्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि नव्या गावठाणात पुन्हा चुली मांडल्या. आज काठावर ऊस डोलतो, कंदरची केळी दूरदेशी जातात, आषाढीला चंद्रभागेत वारकऱ्यांना स्नान घडते तेही पुष्कळदा याच पाण्याने. परंतु पूर्वी समोरासमोर असलेली गावे या पाण्याने परस्परांना दुरावली. पलीकडे इंदापूर तालुका डोळ्यांना दिसतो, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. मग माणूस होडीत बसतो, फळीवरून मोटरसायकलही चढवतो, आणि बुडाशी साचलेले पाणी कोणीतरी डब्याने उपसत असतानाच होडी काठ सोडते.

21 मे 2024 च्या सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी वादळात सापडून उलटली. एक इसम पोहत काठाला लागला. सहा जीव बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला शोध घ्यावा लागला आणि प्रेते हाती लागेतो दोन रात्री उलटल्या. कुगाव आणि शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलाला पुढे मंजुरी मिळाली. परंतु पूल उभा राहील तो राहील, तोवर माणसे पाण्यावरूनच जाणार.

उन्हाळ्याच्या अखेरीस धरणातले पाणी बरेच खाली गेलेले असते, जमीन तापलेली असते, आणि तिसऱ्या प्रहरानंतर वळवाचे ढग चढले की त्यांच्या पोटातून कोसळणारा गार वारा, मध्ये झाड नाही की टेकडी नाही अशा त्या उघड्या पाण्यावर, घटकाभरात लाटा उठवतो. एका अंगाने लाट आत आली की भ्यालेली माणसे दुसऱ्या अंगाला सरकतात, आणि जी होडी कदाचित वाऱ्याने उलटली नसती ती माणसांच्या भाराने उलटते. तेव्हा अशा दिवशी घाटावर दोघा-चौघा तरुणांनी उभे राहावे, किती माणसे बसली ती मोजावीत, प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढल्यावाचून दोर सोडू देऊ नये, आणि आभाळ काळवंडले तर होडी रोखावी. हे सांगायला सोपे आहे. होडीवाला तुमच्या चुलत्याच्या वयाचा, त्याचे पोट त्या फेरीवर. एखाद्या पाव्हण्याला लग्नघर गाठायचे. अशा वेळी “तात्या, आज नको” हे चार लोकांसमोर म्हणण्यास जे धैर्य लागते, ते खराटा धरण्यास खचित लागत नाही.

याच कामाचा दुसरा भाग म्हणजे पोहणे शिकवणे. पूर्वी कमरेला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून पोराला विहिरीत लोटून देत; आता बूच घट्ट बसवलेला प्लॅस्टिकचा रिकामा कॅन तेच काम करतो. मुलींना पोहायला पाठवण्यास वडीलधारी मंडळी कां कू करतात; परंतु होडीत मुलीही बसतात आणि पाणी त्यांना निराळ्या न्यायाने वागवीत नाही, एवढे या मोठ्यांच्या कानी घालावे. पोहणाऱ्या वहिनी, मावश्या काठच्या गावांत सापडतील. त्यांना पुढे करावे.

महाविद्यालयात शिकणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने 24 सप्टेंबर 1969 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाकाठी 120 तास काम करावयाचे असते. त्यातील काही तास घाटावरच्या पहाऱ्यास आणि पोहण्याच्या वर्गास मिळावेत अशी मागणी कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे करण्यास कोणती हरकत आहे? जॅकेटांच्या खरेदीचा ठराव मात्र ग्रामसभेतच मांडावा लागेल, आणि तो हिवाळ्यातच मांडावा, म्हणजे मे उजाडण्यापूर्वी जॅकेटे घाटावर येतील. अर्ज लेखी करावा, एक प्रत तहसील कचेरीत द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी.