सावलीचा रंग
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सरकारी नोकर, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. आमच्या नकाशात सावली म्हणजे तिरक्या काळ्या रेघा. तेव्हा चित्रांवर बोलतोय तो केवळ आवड म्हणून.

माझ्या पुतणीने घराच्या चित्रात सावली जांभळी रंगवली. शाळेत ती तिच्याकडून काळी करून घेतली. मला विचाराल तर पोरीचे बरोबर होते. सकाळी दहाला आपल्या दाना ओलीत उभे राहून एखादी चुना दिलेली भिंत पाहा. उन्हातला भाग पिवळसर, सावलीतला निळसर. तिथे सूर्य पोचत नाही, पण वरच्या निळ्या आभाळाचा उजेड पोचतोच.

फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्ट, म्हणजे दृक्प्रत्ययवादी, चित्रकारांनी नेमके हेच धरले. मोनेने १८९०-९१ मध्ये शेतातल्या धान्याच्या गंजी पंचवीसेक वेळा रंगवल्या. गंजी त्याच, उजेड मात्र दर वेळी निराळा. कधी मावळतीचा, कधी बर्फावर पडलेला. सावल्या कुठे निळ्या, कुठे जांभळ्या.

ही नजर आपल्या इंदुरातही रुजली. देवळालीकर मास्तरांनी १९२७ साली तिथे चित्रशाळा काढली आणि मुलांना बाहेर उन्हात नेऊन बसवले. त्यांचे शिष्य नारायण श्रीधर बेंद्रे १९१० साली इंदुरातच जन्मलेले. उत्तरायुष्यात बेंद्र्यांनी रंग कालवण्याऐवजी त्यांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून चित्रे केली. मिसळण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवले. हे अवघड वाटले तर घरातली धूपछाव साडी काढा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. लांबून तिसराच रंग दिसतो आणि पदर हलला की पालटतो. तेच दोन रंग वाटीत कालवले तर बहुधा मळकट लगदा हाती येतो.

निळा रंग पिवळ्याशेजारी अधिक निळा दिसतो, हे शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये ग्रंथ लिहून मांडले. आपल्या किल्ल्यावर मानमंदिराच्या पिवळट दगडात निळ्या फरशा बसवणाऱ्या कारागिरांना ते पाचशे वर्षांपूर्वीच ठाऊक असावे! पाहुण्यांना किल्ला दाखवताना आपण इतिहास सांगतो, तारखा सांगतो. त्या निळ्याकडे जरा थांबून कोण पाहतो?

आता कामाचे बोलतो. गणेशोत्सवातल्या मुलांच्या चित्रकला स्पर्धेत दर वर्षी तेच दोन डोंगर, मधला सूर्य आणि नदी येते. यंदा विषय ‘गच्चीवरून दिसणारे लष्कर’ असा ठेवावा आणि परीक्षकांनी जांभळ्या सावलीचे गुण कापू नयेत. स्पर्धा सभागृहात ट्यूबलाइटखाली नको, सकाळी आठला गच्चीवर घेऊ. भाद्रपदातले ऊन दहानंतर पोरांना सोसणार नाही. ढग आलेच तर सावल्या पुसट होतील; मग मुलांनी तसेच काढावे. सतरंज्या आणि पाण्याचे माझ्याकडे लागले.