टेकूवरची घरे



व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले, शेजारी शब्दकोश ठेवून कायद्याची पुस्तके वाचता वाचता. तेव्हा भाषेत चूक सापडली तर पदरात घ्या. हिशोबात सापडली तर मात्र इथेच उठून सांगा.

लहानपणी आम्ही परळच्या एका चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, भाडे महिना ४० रुपये. महिन्याच्या महिन्याला मालकाचा मेहता येई, पावती फाडी, आणि जिना उतरताना कठड्याला हात लावीत नसे. कठडा हलतो हे त्याला ठाऊक होते. आईने एकदा विचारले, "मेहताजी, जिना कधी दुरुस्त करणार?" तो म्हणाला, "बाई, चाळीस रुपयांत जिना येतो होय?"

त्या बोलण्यात थोडे तथ्य होते, हे कबूल केले पाहिजे. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. त्याशिवाय गिरणीकामगार शहरात टिकलाच नसता. पण महागाई चढत गेली आणि भाडे तिथेच राहिले. १९९९ च्या कायद्याने, जो २००० साली अमलात आला, वर्षाला चार टक्के वाढ दिली. त्याच कायद्याने दुरुस्ती मालकावर टाकली आहे. नोटीस देऊन पंधरा दिवसांत त्याने काही केले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता मांडा हिशोब. चाळीस रुपयांप्रमाणे वर्षाचे ४८०, त्याचा चौथा हिस्सा १२०. आज एवढ्यात सिमेंटची एक गोणी येत नाही! हक्क आहे, पण त्याने तुळई बदलत नाही.

म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. त्याच्या यादीत १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. मंडळाचे लोक येत, लाकडी टेकू लावून जात. काही ठिकाणी टेकूच इतके जुने झाले की त्यांना टेकू द्यावा लागावा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ माणसे गेली.

पण मालकाजवळ पैसा नाही, एवढीच ही गोष्ट असती तर मी इथवर आलो नसतो. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, आणि भोंग्याखालची जमीन सोन्याची झाली. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेला व एक स्वस्त घरांना मिळायचा होता. २००१ मध्ये तो नियम फिरवला, वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती ठेवली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले. फिनिक्स मिलमध्ये बाजार उभा राहिला. लोअर परळला 'अप्पर वरळी' म्हणणारेही निघाले. परळ म्हटले की किंमत उतरते म्हणे! अशा वेळी पडकी चाळ मालकाला ओझे वाटत नाही. ती जितकी लवकर मोडकळीला येईल तितकी जमीन लवकर मोकळी. त्याचे हात बांधून बसणे हाच त्याचा धंदा होतो.

त्या परळचा माणूस गेला कुठे? आपल्याच पनवेल तालुक्यात, कोनला. २०१६ साली गिरणीकामगारांसाठी २,४१७ घरांची सोडत निघाली, किंमत सहा लाख. किल्ल्या मिळायला वर्षे लागली. मध्ये कोरोनाचे रुग्ण तिथे ठेवले. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली, त्यातले काही घर न पाहताच गेले.

आता विमानतळ झाला आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात उद्घाटन झाले. पनवेलच्या जुन्या घरांकडे लोक कशा नजरेने पाहू लागले आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहता. भाडे घेऊन पावती न देणे हा गुन्हा आहे, आणि मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. २०२० च्या दुरुस्तीने मुंबईत धोकादायक इमारतीच्या मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने अशी संधी ठेवली. राष्ट्रपतींची संमती २०२२ मध्ये मिळाली. ती तरतूद पनवेलला लागू नाही. ती इथे हवी की नको, यावर मला तुमच्याशी बोलायचे आहे. ज्यांच्याजवळ जुन्या भाडेपावत्या असतील, त्यांनी सभेनंतर व्यासपीठाजवळ थांबावे. ज्यांच्याजवळ नसतील, त्यांनी तर नक्कीच थांबावे.