जो ओळखतो, तो भाव ठरवतो
(लाकडाची पारख : जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या आणि ज्वारीच्या भावावर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. आता आम्ही लाकूड ओळखण्यावर बोलणार आहोत. काही जण म्हणतील, हे काम वाढयाचे, सुताराचे. आपल्या बैठकीत त्याचे काय काम? काम आहे.

कापूस घेऊन तुम्ही बाजारात जाता तेव्हा काय होते? समोरचा मूठभर कापूस उचलतो, दोन बोटांत धागा ओढतो आणि सांगतो, लांबी कमी आहे, कवडी जास्त आहे. राबलात तुम्ही, पण प्रत सांगणार तो. कारण त्याला पारख आहे, निदान तसे तो दाखवतो. लाकडाच्या बाबतीत आपण दोन्हीकडून मार खातो. बांधावरची बाभूळ विकली तर ती जळतण म्हणून जाते. घराला चौकट घ्यायला आरा मशीनवर गेलो तर कोणतेही पिवळसर लाकूड साग म्हणून गळ्यात पडते. विकताना भाव जळतणाचा, घेताना भाव सागाचा. मधला फरक कोणाच्या खिशात जातो हे तुम्हाला सांगायला नको.

कोणी म्हणेल, आता ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारे आली, लाकूड राहिले कुठे? ज्याच्याकडे पाच एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी आहे, त्याच्या घरी जाऊन पाहा. जू लाकडाचे, शिवळा लाकडाच्या, डवऱ्याची दांडी लाकडाची, कुऱ्हाडीचा आणि कुदळीचा दांडा लाकडाचा. मृगाचा पाऊस पडला, वापसा आला, तिफण रानात नेली आणि दांडी मोडली, तर नवी दांडी मिळेपर्यंत वापसा थांबून राहतो काय? कोरडवाहू शेतीत पेरणीचे दिवस बोटावर मोजण्याइतके. चुकीच्या लाकडाची किंमत त्या दांडीपुरती नसते, उगवणीतून वसूल होते.

शेतकी कॉलेजात आम्हाला झाडांची लॅटिन नावे पाठ करायला लावली, पण लाकडाचा तुकडा हातात कोणी दिला नाही. ती विद्या आम्ही गावच्या वाढयांकडून शिकलो आणि मग पुस्तकाशी ताडून पाहिली. दोन्हीचा मेळ बसतो. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत देशातील लाकडांच्या चाचण्या झाल्या. तिथे सागाला 100 गुण धरून बाकीची लाकडे त्याच्याशी तोलण्याची पद्धत आहे. त्या तुलनेत आपली बाभूळ टणकपणात आणि धक्का सोसण्यात सागाच्या पुढे आहे. मग साग महाग का? कारण तो कमी वाकतो, कमी फाटतो, त्याच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही आणि त्यावर रंधा सहज चालतो. म्हणजे साग चौकटीचा राजा आणि बाभूळ अवजाराची राणी. एकीला दुसऱ्याच्या कामाला लावले की पैसा वाया गेला.

आता ओळखायचे कसे ते सांगतो. साधने तीन : धारदार चाकू किंवा पटाशी, थोडे पाणी, आणि कपाशीच्या पानामागचे फुलकिडे पाहायला वापरता ते भिंग.

पहिली गोष्ट, वरचा रंग पाहू नका. रंग लावून कोणतेही लाकूड साग दिसते. चौकटीची मागची बाजू पटाशीने थोडी खरवडा आणि आतला कोरा भाग पाहा. सागाचा गाभा सोनेरी तपकिरी असतो, हाताला किंचित तेलकट लागतो आणि ताज्या कापाला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो. कडेचा पांढरट भाग मात्र सागाचा असला तरी टिकत नाही. कोवळ्या झाडाच्या सागात हा पांढरा भागच जास्त असतो. दुकानदार खोटे बोलत नाही, साग देतो, पण पांढरा देतो. तेव्हा "साग आहे का" एवढे विचारून थांबू नका. "गाभा किती आहे" हेही विचारा.

दुसरी गोष्ट, टोकाचा आडवा काप. चाकूने तो साफ कापा, बोटाने पाणी लावा आणि भिंगातून पाहा. झाड ज्या नळ्यांतून पाणी वर नेते त्यांची तोंडे सुई टोचल्यासारखी दिसतील. सागात दरवर्षीच्या वाढीच्या सुरुवातीला मोठी छिद्रे गोलाकार रांगेत बसतात, म्हणून वर्षाची कडी स्पष्ट दिसते. बाभळीत छिद्रे विखुरलेली असतात आणि प्रत्येकाभोवती फिकट डाग असतो. निलगिरीत ती तिरप्या ओळींत दिसतात. रंग फसवतो, वास उडून जातो. ही छिद्रे मात्र कोणाला बदलता येत नाहीत.

तिसरी गोष्ट, वजन. एक घनफूट पाणी सुमारे 28 किलो भरते. वाळलेला साग घनफुटाला 18 ते 19 किलो, बाभूळ 22 च्या आसपास, आणि अंजन पाण्यापेक्षाही जड, म्हणून ते बुडते. पण लाकूड ओले असेल तर हा हिशेब चुकतो. ओले लाकूड घेणे म्हणजे लाकडाच्या भावाने पाणी घेणे. पुढे ते आटते, सांधे सैल होतात आणि दार वाकते.

चौथी गोष्ट, काही झाडांची स्वतःची खूण असते. बिजा, ज्याला कुठे बिवळा तर कुठे असाणा म्हणतात, त्याची ढलपी पाण्यात टाकून ठेवा. पाणी पिवळसर होते आणि उजेडात धरले की निळसर झाक मारते. बाभळीचा ताजा काप गुलाबी असतो आणि हवा लागली की तांबूस तपकिरी होतो. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी, त्यात काळ्या रेघा. कडुलिंबाचा गाभा तांबूस, रेषा एकमेकींत गुंतलेल्या, ताज्या कापाला उग्र वास.

नावातही फसगत होते. बाभूळ सांगून वेडी बाभूळ देतात. तिचे लाकूड टणक आहे, कोळसा उत्तम होतो, पण सरळ लांब तुकडा क्वचित निघतो. सुबाभूळ नावाने जवळची, गुणाने लांबची. ती कागदाच्या लगद्याला ठीक, पण जमिनीला टेकली की उधई लागते. निलगिरीचा सरळ वासा डोळ्यांत भरतो, पण तिच्या रेषेला पीळ असतो आणि वाळताना टोके फाटतात. दांड्याला ती घेऊ नका.

कोणते लाकूड कशाला, ते थोडक्यात सांगतो. चाकाचा तुंबा, आरे आणि वखराचे खोड यांना बाभूळ. दांडी आणि कुऱ्हाडीचा दांडा यांना तिवस किंवा धावडा मिळाला तर सोने, कारण ही लाकडे चिवट आहेत, झटका सोसतात. जू हलके आणि चिवट हवे. बैलाच्या मानेवर विनाकारण ओझे कशाला? दार-चौकटीला सागाचा नाहीतर बिजाचा गाभा. पेटी आणि कोठी यांना कडुलिंब चालतो, किडे त्याच्या वाटेला कमी जातात. आणि कोणताही दांडा घेताना रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाते का ते पाहा. रेघ मध्येच तिरपी होऊन बाहेर पडली, तर दांडा तिथेच मोडणार.

ओळख नसेल तर कायदाही आडवा येतो. महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत साग, खैर, बिजा, तिवस, ऐन, अंजन ही झाडे आहेत. ती तुमच्या बांधावर, तुमच्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हा कायदा योग्य की अयोग्य यावर आपण वेगळे बोलू. पण व्यापारी म्हणाला "साधे जंगली झाड आहे, तोडून टाका", आणि ते तिवस निघाले, तर खटला तुमच्यावर होतो, व्यापाऱ्यावर नाही.

आता विकतानाचा हिशेब. गोल लाकूड मोजायची व्यापारी रीत अशी की घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर 4 फूट, लांबी 10 फूट, म्हणजे 10 घनफूट. भूमितीने मोजले तर त्याच ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या जवळ लाकूड भरते. शंभरातले साडेएकवीस भाग मोजणीतच गेले! व्यापारी म्हणतो, ते कापणीत वाया जाते. जात असेल. मग ती घट उघड बोलून भावात धरा, सूत्रात लपवू नका. आणि बाभूळ तुंब्याच्या घेराची, सरळ बुंध्याची असेल, तर ती क्विंटलवर जळतणात घालू नका. आधी वाढयाला दाखवा, घनफुटाचा भाव विचारा.

2023 साली दिल्लीत नवे संसद भवन उघडले. त्याचे सागवान नागपूरहून गेले. आपल्या मुलखाच्या लाकडाची पारख दिल्लीला आहे. ती आपल्याला का नसावी?

म्हणून या बैठकीपुढे एक काम ठेवतो. प्रत्येक तालुक्याने पुढच्या बैठकीला लाकडांचे तुकडे आणावेत. वीतभर लांब, चार बोटे रुंद, एक बाजू रंधा मारलेली, एक टोक साफ कापलेले. त्यावर झाडाचे नाव, गावात चालते तेच, आणि गावाचे नाव लिहावे. यासाठी झाड तोडू नका. मोडलेले जू आणि जुने आरे प्रत्येक गोठ्यामागे पडले आहेत. गावच्या म्हाताऱ्या वाढयाला सोबत आणा. त्याच्या हातात जे आहे ते त्याच्याबरोबर जाण्याआधी आपल्या पोरांच्या हातात यायला हवे. जमलेल्या तुकड्यांची एक पेटी प्रत्येक तालुक्याला करू. मग चौकट घ्यायला जाणारा शेतकरी त्यातला सागाचा तुकडा खिशात घालून जाईल, दुकानदाराच्या लाकडाशेजारी ठेवील आणि म्हणेल, आता बोला भाव.

जो ओळखतो, तो भाव ठरवतो. ज्याला ओळखता येत नाही, तो भाव ऐकून घेतो. आजवर पुष्कळ ऐकून घेतले.